कन्फॉर्मिंग कपड्यांतील आयके-दोष

कन्फॉर्मिंग कपड्यांतील आयके-दोष : पोझर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये मानवाकृतीला चढवलेली, तिच्या हालचालीनुसार वळावी म्हणून घडवलेली (कन्फॉर्मिंग) पँट, मोजे किंवा बूट पायांबरोबर न वळता गुडघ्यापाशी पिळवटतात, घोट्यापासून निसटतात किंवा आकृती खाली बसली तरी स्वतः अर्धवट उभेच राहतात. या बिघाडामागे बहुधा कपड्याच्या स्वतःच्या सांगाड्यात चालू राहिलेली इन्व्हर्स कायनेमॅटिक्सची, म्हणजे पावलाच्या जागेवरून मधले सांधे वळवणाऱ्या आयकेची, साखळी असते. दोष दिसतो कापडात, पण असतो हाडांत. त्यामुळे कपड्याचा आकार दुरुस्त करण्यात तासन्‌तास घालवूनही तो जात नाही.

लॅरी वाइनबर्ग यांनी घडवलेले पोझर १९९५ मध्ये फ्रॅक्टल डिझाइन या कंपनीने बाजारात आणले. सुरुवातीच्या आवृत्त्यांत कपडे घातलेली आकृती ही अंगासकट एकच घडण असे. १९९९ मध्ये मेटाक्रिएशन्सने काढलेल्या चौथ्या आवृत्तीत कपडा वेगळा करून हव्या त्या आकृतीला चढवण्याची सोय झाली आणि त्याबरोबरच या नोंदीचा विषयही जन्माला आला. २००२ मधील पाचव्या आवृत्तीने कापडाचे भौतिक अनुकरण करणारी निराळी सोय दिली. तशा डायनॅमिक कपड्याला सांगाडा नसतो, म्हणून त्याला हा दोषही होत नाही.

सांगाड्याची हालचाल दोन तऱ्हांनी ठरवता येते. पहिल्या तऱ्हेत मांडी, नडगी, पाऊल या क्रमाने प्रत्येक सांध्याचा कोन आपण देतो आणि पाऊल कुठे पडेल ते त्यातून निष्पन्न होते. दुसरीत, म्हणजे आयकेत, पाऊल कुठे हवे ते आपण सांगतो आणि मधल्या सांध्यांचे कोन संगणक काढतो. कळसूत्री बाहुलीच्या हाताची दोरी ओढली की कोपर आणि खांदा आपोआप मागून येतात, तसाच काहीसा हा प्रकार आहे. अशा रीतीने एकत्र हलणाऱ्या भागांच्या ओळीला साखळी म्हणतात. पोझरमध्ये दोन पाय आणि दोन हात अशा चार साखळ्या नेहमी आढळतात आणि त्यांपैकी पायांच्या साखळ्या सहसा सुरुवातीपासून चालू असतात. साखळी चालू असताना पाऊल हे नडगीचे अपत्य न राहता थेट ‘बॉडी’ या मूळ घटकाला बांधले जाते. म्हणूनच कंबर खाली ओढली की पावले जमिनीवर टिकतात आणि गुडघे वाकतात.

कन्फॉर्मिंग कपडा दिसायला कपडा असला, तरी पोझरच्या लेखी ती एक पूर्ण आकृतीच असते. तिलाही कंबर, मांडी, नडगी हे भाग असतात आणि त्यांची अंतर्गत नावे अंगाच्या भागांच्या नावांशी तंतोतंत जुळावी लागतात. ‘कन्फॉर्म टू’ ही आज्ञा दिल्यावर समान नावाच्या भागांना अंगाच्या सांध्यांचे कोन मिळत जातात. आता कपडा बनवणारा कारागीर सांधे शून्यातून रचत बसत नाही. तो मूळ मानवाकृतीचीच सीआर२ फाइल, म्हणजे तिच्या सांगाड्याची नोंद असलेली फाइल, दाता म्हणून घेतो, तिच्यात कपड्याची भूमिती, म्हणजे त्रिमितीय आकार, बसवतो आणि नको असलेले भाग काढून टाकतो. या व्यवहारात अंगाच्या आयके-साखळ्या, त्याही चालू अवस्थेत, कपड्याकडे वारशाने येतात. अशा पँटला दोन हुकूम एकाच वेळी मिळतात: अंगाकडून आलेला कोन आणि स्वतःच्या पावलाला धरून ठेवणाऱ्या साखळीने काढलेला कोन. बिघाडाचे मूळ एवढेच आहे, बाकी सारी लक्षणे त्यातून निघतात.

कपड्याच्या साखळीने तोच कोन काढला तर बिघडले कुठे, अशी शंका येणे साहजिक आहे. उत्तर त्रिकोणमितीत आहे. मांडी ४५ सेंटिमीटर आणि नडगी ४२ सेंटिमीटर धरली, तर कंबरेच्या सांध्यापासून घोट्यापर्यंतचे अंतर ८७ सेंटिमीटर असताना पाय अगदी सरळ असतो. हे अंतर केवळ १ सेंटिमीटरने घटले की गुडघा सुमारे १७ अंशांनी वाकतो. याउलट अंतर ६० वरून ५९ सेंटिमीटर झाले, तर गुडघ्याच्या कोनात दोन अंशांचाही फरक पडत नाही. कपड्यातील सांध्यांची केंद्रे अंगातील केंद्रांपासून किंचित सरकलेली असली, तर उकिडव्या बसलेल्या आकृतीत ते खपून जाते, पण जवळजवळ सरळ उभ्या आकृतीत पँटचा गुडघा डोळ्यांत भरेल इतका वेगळा वाकतो. साध्या उभ्या पोझमध्ये हा दोष जास्त छळतो, हे नवख्याला उफराटे वाटते ते यामुळेच.

निदान करताना दोष केव्हा प्रकटतो हे पाहावे. सर्व सांधे शून्यावर असतानाही कपडा अंगात घुसत असेल, तर तो मापाचा दोष आहे किंवा कपडा दुसऱ्याच आकृतीसाठी बेतलेला आहे. एखादा सांधा वाकवल्यावरच त्या सांध्यापाशी कातडी बाहेर डोकावत असेल, तर सांध्याच्या मापदंडांत फरक असावा. कंबर खाली-वर किंवा पुढे-मागे सरकवल्याबरोबर कमरेखालचा कपडा भरकटत असेल आणि छातीवरचा शर्ट मात्र निमूटपणे अंगाला धरून असेल, तर आयकेवर संशय घ्यायला हरकत नाही. खात्रीसाठी कपड्याची साखळी बंद करून पाहावी.

त्यासाठी आधी कपडाच निवडावा लागतो, आणि बहुतेकांची चूक इथेच होते: अंग निवडलेले असते, त्याचे आयके बंद केले जाते आणि कपड्याला हातही लागत नाही. कपडा निवडल्यावर ‘फिगर’ मेनूतील ‘यूज इन्व्हर्स कायनेमॅटिक्स’ या उपमेनूत उजव्या व डाव्या पायापुढच्या खुणा काढाव्यात. आयके बंद-चालू करताना पोझ हलू शकते, म्हणून हे काम आकृतीला उभी-बसवी करण्याआधी उरकावे. नंतर कपडा अंगापासून सोडवून त्याचे सर्व सांधे शून्यावर आणावेत आणि तो पुन्हा कन्फॉर्म करावा. शून्यावर आणण्याची पायरी वगळता येत नाही, कारण कपड्याच्या डायलवर, म्हणजे सांध्याचा कोन ठरवणाऱ्या नियंत्रकावर, उरलेला कोन अंगाकडून येणाऱ्या कोनात मिसळतो. पँटच्या गुडघ्यात साखळीने ठेवून दिलेले दहा अंश आयके बंद केल्यावरही तसेच राहतात आणि मग उपायच लागू पडला नाही असा समज होतो.

अंगाचे आयके मात्र सरसकट बंद करण्याचे कारण नाही. चालण्याच्या ॲनिमेशनमध्ये पाऊल जमिनीवर घसरू नये यासाठी ते उपयोगीच असते, आणि कपड्याची साखळी बंद असेल तर अंगाने अखेरीस काढलेले कोनच कपड्याला मिळतात. तयार पोझ लावताना मात्र ती ज्या अवस्थेत साठवली गेली तीच अवस्था अंगाची असणे बरे. आयके बंद असताना साठवलेली पोझ चालू आयकेवर लावली की पाय वेडेवाकडे होतात आणि दोष बिचाऱ्या पँटवर येतो.

तोच कपडा वारंवार लागणार असेल, तर दुरुस्त केलेली प्रत लायब्ररीत नव्या नावाने साठवावी. सीआर२ ही साध्या मजकुराची फाइल असल्याने दुरुस्ती थेट तिच्यातही करता येते. तिच्या शेवटाकडे ‘इंकीचेन’ या नावाने सुरू होणारे उतारे असतात. त्यांत साखळीचे दुवे आणि लक्ष्य ठरलेला भाग नोंदलेला असतो. तिथला ‘ऑन’ हा शब्द बदलून ‘ऑफ’ केला तरी पुरते. संपूर्ण उतारा काढायचा तर महिरपी कंसांची जोडी मोडू नये याकडे लक्ष द्यावे आणि मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवावी. फाइल सीआरझेड या संकुचित रूपात असेल, तर ती प्रथम उलगडावी लागते. मजकुरात हात घालायचा नसेल, तर आकृतीच्या भागांची उतरंड दाखवणाऱ्या पोझरच्या हायरार्की एडिटरमध्ये आयके-साखळ्या दिसतात व तिथून काढताही येतात. माझ्या मते कपड्यात साखळी ठेवण्याचे सबळ कारण क्वचितच असते. ती वितरणापूर्वी काढून टाकणे हे कारागिराचे काम आहे, गिऱ्हाइकाचे नव्हे.

बुटांचा प्रश्न थोडा निराळा आहे. बुटाला मांडीची भूमिती लागत नाही, म्हणून कारागीर तो भाग पुष्कळदा काढून टाकतो, पण साखळीत त्याचे नाव तसेच राहू शकते. अशी अर्धवट साखळी बंद करण्यापेक्षा काढूनच टाकावी. उंच टाचेच्या बुटांबरोबर पाऊल ताणणारी पोझ दिलेली असते. ती लावल्यावर बोटे जमिनीखाली जातात, आणि त्यासाठी आयकेला बोल लावण्याऐवजी आकृती वर उचलावी लागते. घेरदार स्कर्टमध्ये दोन मांड्यांच्या मधले कापड कोणत्याच पायाचे नसल्याने तिथे भूमितीविरहित जादा भाग किंवा हाताने फिरवायच्या मुठी दिलेल्या असतात. त्या अंगात नसतात, म्हणून कन्फॉर्म होत नाहीत. पाय हलल्यावर स्कर्ट मागे राहिला तर या मुठी फिरवायच्या असतात.

ब्लेंडर या दुसऱ्या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये कपड्याची जाळी अंगाच्याच आर्मेचरला, म्हणजे सांगाड्याला, आर्मेचर मॉडिफायर या सोयीने जोडण्याची रीत रूढ आहे. आयकेचे बंधन त्या एकाच सांगाड्याच्या हाडांवर असते आणि कपडा फक्त त्या हाडांमागे वाकतो. मात्र पोझरमधला कपडा स्वतःच्या सांगाड्यासकट तिथे आयात केला आणि तो सांगाडा काढला नाही, तर दोन सांगाड्यांचा जुना प्रश्न नव्या घरातही सोबत येतो.