विजेवरील किट गाड्यांची सहनशक्ती शर्यत
ठरावीक बॅटरीवर, ठरावीक वेळात जास्तीत जास्त अंतर कापण्याची, स्वस्तात बांधलेल्या एकआसनी विजेच्या गाड्यांची शर्यत. संघ सुट्या भागांचा तयार संच जोडतो किंवा सांगाडा स्वतः वेल्ड करून मोटर, कंट्रोलर आणि चाके बाजारातून आणतो. अभियांत्रिकीची मुले या प्रकाराला नुसते ‘एन्ड्युरन्स’ म्हणतात. बॅटरी आणि बहुतेक वेळा मोटरही सर्वांना सारखीच असल्यामुळे वेग पैशाने विकत घेता येत नाही. बॅटरीतले वॉट-तास, म्हणजे तिच्यात साठलेली वीज, कुठे गळतात हे ज्या संघाला आधी कळते, तो पुढे राहतो.

ब्रिटनमध्ये १९९९ पासून ‘ग्रीनपॉवर’ या उपक्रमाने हा प्रकार शाळकरी मुलांपर्यंत नेला. त्याच्या ‘फॉर्म्युला २४’ गटात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि सर्वांना एकच मोटर असते. भारतात असेच्या असे काही रुजले नाही. इथली वाट महाविद्यालयीन स्पर्धांमधून गेली. खडबडीत वाटेवर चालणाऱ्या गाड्यांची बाजा एसएई इंडिया ही स्पर्धा २००७ पासून मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला भरत आली आणि तिच्यात २०१५ पासून विजेच्या गाड्यांचा गट आला. पायडल आणि मोटर दोन्हींवर चालणाऱ्या तीनचाकींची एफिसायकल २०१० पासूनची आहे. फॉर्म्युला स्टुडंट धर्तीच्या, विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धांत सहनशक्तीची फेरी २२ किमीची असते आणि मध्यावर चालक बदलावा लागतो. मात्र त्या गाड्यांचा खर्च वेगळ्याच पातळीवरचा आहे.

मराठवाड्यात अशी गाडी बांधायला लागणारे बहुतेक सगळे हाताशी मिळते. संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींभोवती लेथ, मिलिंग आणि लेझर कटिंगचे जॉबवर्क करणारी छोटी वर्कशॉप्स आहेत, जालना लोखंडाचे गाव आहे आणि ई-रिक्षांमुळे कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज कमी-जास्त करणारा), थ्रॉटल (वेगाची मूठ किंवा पायडल), वायरिंगचे सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी सापडतात. कायमचा शर्यतमार्ग नसल्याने सराव महाविद्यालयाच्या मैदानावर किंवा आवारातल्या रस्त्यावर होतो. सार्वजनिक रस्त्यावर ही गाडी नेऊ नये. २५० वॉट आणि ताशी २५ किमीच्या आतल्या वाहनांना नोंदणीतून सूट असली, तरी ती तपासणी संस्थेने मान्य केलेल्या मॉडेलला मिळते, घरी बांधलेल्या सांगाड्याला नाही.

वॉट-तासांचा हिशेब

पुढचे आकडे एका नमुना गाडीचे आहेत: २४ व्होल्ट, २५० वॉटची ब्रशची डीसी मोटर, यूपीएसला लावतात त्या १२ व्होल्ट २६ अँपिअर-तासांच्या दोन एसएमएफ (पाणी घालावे न लागणाऱ्या बंद शिशाच्या) बॅटऱ्या, २० इंची सायकलची तीन चाके, चालकासह वजन १४० किलो, शर्यत ९० मिनिटांची.

बॅटरीवर छापलेले २६ अँपिअर-तास २० तासांच्या संथ वापराचे असतात. तीच बॅटरी ११ अँपिअरने ओढली तर १७ च्या आसपास मिळतात. म्हणजे कागदावरच्या ६२४ वॉट-तासांपैकी हातात येतात जेमतेम ४००. नवखे संघ पहिली चूक इथेच करतात आणि सगळे नियोजन ६२४ वर बेततात. ४०० वॉट-तास ९० मिनिटांत वाटले की सरासरी २६५ वॉट पडतात. ताशी २८ किमीला या गाडीला सुमारे २५० वॉट लागतात आणि ९० मिनिटांत ती ४२ किमी जाते. तीच ताशी ३५ ने पळवली तर ४०० वॉटच्या वर खाते, बॅटरी ५०-५५ मिनिटांत खाली बसते आणि अंतर भरते ३० किमीच्या आसपास. शिवाय २५० वॉटची मोटर तोवर भाजून निघालेली असते. पहिल्या दहा मिनिटांत सर्वांच्या पुढे पळणारी गाडी शेवटी ढकलत आणलेली दिसते, ती या हिशेबामुळे.

संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंचावर आहे. चाळीस अंशांच्या दुपारी तिथली हवा समुद्रकाठच्या थंड हवेपेक्षा चौदा टक्क्यांच्या घरात विरळ असते, आणि तेवढा हवेचा अडथळा घटतो. उन्हाने दिलेली सवलत एवढीच. बाकी सगळीकडे ऊन घेतेच.

सांगाडा

२५ × २५ मिमी, १.६ मिमी जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. बाजारात तो ६ मीटरच्या लांबीत येतो. तीन लांब्यांत काम होते आणि वजन २१ किलो भरते. जाड पाइप घेऊन ‘मजबूत’ केलेला सांगाडा ३५ किलोवर जातो आणि ते ओझे दीड तास वाहावे लागते. आधी फरशीवर खडूने पूर्ण मापाचा आराखडा काढावा, पाइप त्यावर मांडावेत, गुण्या लावून प्रत्येक सांध्याला फक्त टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारावेत आणि दोन्ही कर्ण मोजावेत. फरक ३ मिमीच्या वर असेल तर टाके तोडून पुन्हा बसवावे. मगच पूर्ण वेल्ड, तेही एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात उड्या मारत. एकाच बाजूने सलग वेल्ड केले की सांगाडा तापून ओढला जातो. वेल्डिंगचा रॉड २.५ मिमीचा, करंट ६० ते ८० अँपिअर. गेटाच्या कामाला वापरतात तो ३.१५ चा रॉड या पाइपला भोक पाडतो.

दोन्ही बॅटऱ्यांचे मिळून १७ किलो वजन चालकाच्या पाठीमागे, शक्य तितके खाली, लोखंडी पट्टीने बोल्ट मारून आवळलेले असावे. सायकलच्या कॅरिअरचे रबर शर्यतीआधीच्या तपासणीत तर चालत नाहीच, पण गाडी उलटली की पहिली सुटते ती बॅटरी.

चाके आणि जोडणी

सायकलचे चाक दोन्ही बाजूंनी धरून उभे चालण्यासाठी बनलेले असते. पुढची दोन चाके गाडीला एकाच बाजूने धरलेली असतात आणि वळणावर आडवा जोर खातात, त्यामुळे मूळचा १० मिमीचा अॅक्सल वाकतो. लेथवर १५ मिमीचा स्टब अॅक्सल (एकाच बाजूने धरलेला आखूड आस) आणि पंख्यात बसतात त्या ६२०२ बेअरिंगचा हब करून घेणे हा टिकाऊ मार्ग आहे. बेअरिंग रबर सील असलेले घ्यावे. पत्र्याच्या झाकणाचे थोडे हलके फिरते खरे, पण काळ्या मातीची धूळ त्यात दोन सरावांत शिरते. आरे ३६ असावेत.

पुढच्या चाकांची समांतरता हा कुठे दिसत नाही असा चोर आहे. चाकांमधले अंतर पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला मोजावे. पुढे १-२ मिमी कमी चालते. फरक ५-६ मिमी झाला की टायर तिरके घासत चालतात, चालकाला काही जाणवत नाही, फक्त टायरच्या कडेला रबराची बारीक भुकटी जमते आणि अँपिअर वाढलेले दिसतात. याची साधी परीक्षा अशी: सपाट जागी गाडी ताशी २० किमीला आणून मोटर बंद करावी आणि कुठे थांबते ते पाहावे. दीडशे मीटरच्या आसपास गेली तर ठीक. शंभराच्या आत थांबली तर ब्रेक घासतो आहे, बेअरिंग आवळलेले आहे किंवा चाके तिरकी आहेत. वाऱ्याचा परिणाम जावा म्हणून उलट दिशेनेही करावे.

टायरमध्ये सकाळी २५ अंशांना ६५ पीएसआय भरले तर दुपारी टायर ५५ अंशांवर गेल्यावर ते ७३ पर्यंत चढते. टायरवर छापलेली कमाल मर्यादा पाहून सकाळी कमी ठेवावे. मैदानावर सराव असेल तर सराटे आणि बाभळीचे काटे हे ठरलेले दुखणे. टायर आणि ट्यूबच्या मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी बसवतात. थोडे जड होते, पण शर्यतीत पंक्चर काढण्यापेक्षा परवडते.

मोटर २,७०० आरपीएमवर फिरते, चाकाला हवे ३२०. एका टप्प्यात एवढे उतरवायला अवाढव्य स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) लागते, म्हणून मध्ये एक शाफ्ट घालून दोन टप्पे करतात: ११ ला ४४ दात, मग १८ ला ३८. यातून ताशी ३० किमीच्या जवळचा वेग येतो. उन्हाळ्यासाठी ११ ऐवजी १० दातांचे एक स्प्रॉकेट पेटीत ठेवावे. वेग २७ वर येतो, मोटर मात्र सुखाने श्वास घेते. चेन मधोमध ८-१० मिमी हलली पाहिजे, आणि दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत हे सरळ पट्टी लावून पाहावे, नजरेने नव्हे.

वायरिंग

मुख्य वायर ६ चौरस मिमीची मल्टिस्ट्रँड, फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, आणि बाहेर उभ्या माणसाचा हात पोचेल असा लाल कटऑफ स्विच. बिघाड बहुतेक वेळा लगमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाला चेपून बसवलेल्या धातूच्या जोडात, असतो. पक्कडीने चेपलेला लग हाताला घट्ट लागतो, पण त्याचा रोध ०.०२ ओहम जरी राहिला तरी गाडी जागेवरून निघताना ४० अँपिअर गेले की त्या नखाएवढ्या जागेत ३२ वॉट उष्णता होते. आधी लगवरची प्लास्टिकची स्लीव्ह पिवळी पडते, मग वास येतो, मग गाडी मधूनमधून बंद पडू लागते आणि संघ कंट्रोलर बदलत बसतो. लग चेपण्याचे हायड्रॉलिक क्रिंपिंग एखाद्या इलेक्ट्रिकल दुकानातून करून आणावे.

ऊन

चाळीस-बेचाळीस अंशांत मोटरचे काम दोन्हीकडून बिघडते. तांब्याचा रोध दर अंशामागे ०.३९ टक्के वाढतो. मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी २० वरून १२० अंशांवर गेली की तो ३९ टक्के जास्त. चुंबकही तापून कमजोर होते, मग तेवढाच जोर द्यायला मोटर जास्त अँपिअर मागते आणि त्याने आणखी तापते. हे चक्र एकदा सुरू झाले की थ्रॉटल सोडण्याशिवाय उपाय नाही. मोटर बंद पेटीत ठेवू नये. पुढून हवा घेणारा साधा पीव्हीसी पाइप तिच्या अंगावर सोडला तरी फरक पडतो. कंट्रोलर अॅल्युमिनियमच्या पट्टीवर थर्मल पेस्ट लावून बसवावा. चालक बदलताना इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर, कंट्रोलर आणि प्रत्येक लग मोजून वहीत लिहावे. आकड्यापेक्षा मागच्या वेळेपासूनची वाढ महत्त्वाची. चालकालाही हेल्मेट आणि जाड कपड्यांत वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नये.

शर्यत चालू असताना

चालकासमोर स्पीडोमीटर नसला तरी चालेल, अँपिअर आणि अँपिअर-तास दाखवणारे मीटर हवेच. सूचना एकच: चढाला आकडा १४ च्या वर जाऊ द्यायचा नाही, उताराला थ्रॉटल सोडायचा. कडेला उभा असलेला मुलगा दर फेरीला पाटीवर उरलेले अँपिअर-तास लिहून दाखवतो. भाराखाली एकूण व्होल्टेज २१ वर आले की बॅटरी संपली, त्यापुढे ते दरडीसारखे कोसळते. दोन बॅटऱ्या एकाच बॅचच्या घ्याव्यात आणि भार असताना वेगवेगळ्या मोजाव्यात. दोघींत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कमजोर असलेली शेवटच्या वीस मिनिटांत दुसरीला ओढत खाली नेणार.

शर्यतीनंतर बॅटऱ्या त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावाव्यात. रिकाम्या ठेवलेल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट बसतो आणि पुढच्या वेळी १७ ऐवजी १२-१३ अँपिअर-तासच मिळतात. चार्जिंगचे व्होल्टेज २५ अंशांना प्रत्येक बॅटरीला १४.४ असते, पण मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंशांना ते १४.१ च्या आत ठेवावे, नाहीतर बॅटरी फुगते. करंट ७ अँपिअरच्या पुढे नको.