आयर्विनला किती फूट?

पावसाळ्यात सांगलीत कुणी कुणाला भेटले की "आयर्विनला किती?" एवढेच विचारतो. समोरच्याला सगळे कळते. कृष्णेवरच्या या 1929 सालच्या पुलाशी 40 फुटांना इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर इथल्या लोकांना आपल्या उंबऱ्याला पाणी कितव्या फुटाला लागते, ते तोंडपाठ असते. देशाच्या पूरनियोजनाने सांगलीकडून काही शिकायचे तर ते हेच, असे मला वाटते: ऐकणाऱ्याला कधी सामान उचलायचे ते कळेल असा आकडा द्यावा.

विसर्गाचा आकडा तसा नसतो. कोयनेतून इतके हजार क्युसेक सोडले, या बातमीवरून घराचे काही कळत नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. एक लाख क्युसेक येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, दिवसभर टिकला, तर 8.64 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जमा होते. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी, पण ऑगस्टमध्ये धरण जवळजवळ भरलेले असेल आणि 5 टीएमसीच जागा उरली असेल, तर असा येवा ती 14 तासांत भरून काढतो. मग दारे उचलण्यावाचून इलाज नसतो. आधीच धरण रिकामे का ठेवले नाही, हा प्रश्न रास्त आहे, पण पाऊस दगा देऊन गेला तर वीज आणि उन्हाळ्यातले पाणी दोन्ही अडते. म्हणून चार-पाच दिवस आधीचा भरवशाचा पर्जन्य अंदाज मिळणे, हीच धरण चालवणाऱ्याची खरी गरज.

शिवाय धरणाच्या खाली पडणाऱ्या पावसाला दार नाही. कराडला कोयना मिळते, सांगलीला लागूनच हरिपूरला वारणा, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. खालच्या नद्या तुडुंब असतील तर वरच्या पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही, आणि इथे नदीचा उतारही कमी. पुढे कर्नाटकात कृष्णेवरच असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे तिथे अडलेले पाणी मागे चढते का यावर, दरवर्षी खडाजंगी होते. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र त्याला मुख्य कारण मानले नाही. राजकारणाला हे रुचले नाही, ते वेगळे.

आता नकाशावरच्या रेषा. नदीकाठी निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. एकदा पूर येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निवांत, असा याचा अर्थ लावला जातो. पण दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता 1 टक्का, एवढेच गणित सांगते. लाल रेषेला टेकून घर बांधून त्यात तीस वर्षे राहिलात, तर एकदा तरी त्या पातळीचे पाणी बघण्याची शक्यता 26 टक्के. निळ्या रेषेवर ती 70 टक्क्यांवर जाते. हा हिशेबही जुन्या नोंदींवरचा. सांगलीत 2005 ला पाणी 53 फुटांच्या पुढे गेले, 2019 ला 57 च्या पुढे, आणि 2021 च्या जुलैत पुन्हा सुमारे 55. सतरा पावसाळ्यांत तीनदा पन्नाशी ओलांडली, तर रेषा नव्याने आखायला हव्यात.

केंद्रीय जल आयोग नदीच्या पातळीचे अंदाज देतो. त्यापुढची पायरी म्हणजे जमिनीच्या उंचीचे बारीक नकाशे करून प्रत्येक फुटाला कोणती गल्ली, कोणता रस्ता, कोणते वीज उपकेंद्र पाण्यात जाते ते आधीच काढून ठेवणे. नदी पात्र सोडून मळीत, म्हणजे काठच्या सपाट गाळाच्या जमिनीत, पसरली की एका फुटात शेकडो घरे वेढली जातात, म्हणून हे काम शेवटच्या दहा फुटांसाठी फार बारकाईने व्हायला हवे.

आणि रस्ता बुडायच्या आत माणसे हलली पाहिजेत. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि अनेक जीव गेले. पुराच्या ओढीत बोट हा शेवटचा उपाय, आणि तो धोक्याचा. तरी लोक वेळेवर घर का सोडत नाहीत? बहुतेक गावांत उत्तर गोठ्यात उभे असते. दावणीची म्हैस सोडून कोण जाणार? 43 फुटांनाच जनावरे कुठल्या माळावर न्यायची, तिथे वैरण आणि पाणी कुणी पोचवायचे, हे मे महिन्यात ठरलेले असेल, तर माणसे आपोआप मागून येतात.