करवंदं, गूळ आणि वाफ : घरी रस टिकवण्यामागचा इतिहास

वैशाखात घाटमाथ्यावरची करवंदं कोल्हापुरात उतरू लागतात. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या बायका पाट्या घेऊन येतात आणि 'डोंगरची काळी मैना' पानाच्या द्रोणांतून घराघरात जाते. पाठोपाठ जांभळं येतात. या रानमेव्याचा हंगाम जेमतेम महिनाभराचा. एखादा वळीव झोडपून गेला की तोही आखडतो. जांभळं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाझरायला लागतात. कैरी आणि आवळा यांना आपल्याकडे बरणीत मानाची जागा मिळाली, करवंदा-जांभळांना क्वचितच. बिया फार, गर कमी आणि हाताने रस काढायचा म्हणजे जिवाला त्रास. स्टीम ज्यूसर नावाचं, वाफेने रस काढणारं तीन मजली भांडं नेमकं इथे कामाला येतं. ते आपल्याकडे नवं असलं तरी त्याच्या मागे फळं टिकवण्याच्या दोन जुन्या वाटा आहेत. एक साखरेची, ती कोल्हापुरात फार पूर्वीपासून रुळलेली. दुसरी उष्णतेची, ती युरोपातून फिरत फिरत आली आणि वाटेत बराच काळ अडकून पडली.

आधी साखरेची वाट. पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस आहे, म्हणून गुऱ्हाळं आहेत, आणि म्हणून इथल्या घरात गुळांबा आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि गुळाच्या सौद्यांना हक्काची जागा मिळाली. राधानगरी धरणाचं काम त्यांनीच सुरू केलं. ते पुरं व्हायला पुढे कित्येक दशकं लागली, पण भोगावती नदीच्या पाण्याने या भागातली उसाची शेती पक्की केली. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्या गुळामागे शंभराहून अधिक वर्षांची पेठ उभी होती. गोड पदार्थ स्वस्त आणि हाताशी असला की फळं त्यातच शिजवली जाणार, हे ओघानेच आलं. गुळांबा, साखरांबा, मुरांबा, मोरावळा ही सगळी एकाच कुळातली.

या कुळाचं तत्त्व साधं आहे. साखर पाणी धरून ठेवते. पाकात तिचं प्रमाण साधारण ६५ टक्क्यांच्या पुढे गेलं की जंतूंना वापरता येईल असं पाणी उरत नाही, उलट त्यांच्याच पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. हे मोजायला आपल्या बायकांकडे कुठलंही यंत्र नव्हतं. दोन बोटांच्या चिमटीत पाक धरून एकतारी की दोनतारी एवढं त्या पाहत, आणि ते माप वर्षभर पुरत असे. कोकणातलं अमृत कोकम हा याच विद्येचा आणखी देखणा नमुना. कोकमाच्या सालींत साखर भरून बरणी उन्हात ठेवायची. विस्तव नाही, पिळणं नाही, साखर आपली आपण रस ओढून घेते.

आपली बरणी आणि हा पाक एकमेकांसाठीच घडले होते, असं मला ठामपणे वाटतं. चिनी मातीची बरणी हवाबंद नसते. तिला दादरा बांधतात, आठवड्यातून चार वेळा तो सुटतो, कोरडा चमचा आत जातो, पुन्हा दादरा बांधला जातो. अशा उघडझाकीत टिकायचं तर पदार्थाला स्वतःचंच संरक्षण हवं. ते साखर देते, मीठ देते, लोणच्यावरचं तेल देतं. नुसता पातळ रस मात्र त्या बरणीत दोन दिवसांत फसफसला असता. म्हणून आपल्याकडे रस टिकवायचा म्हणजे त्याचा पाक करायचा, हेच गृहीत धरलं गेलं. पन्हंसुद्धा वर्षभरासाठी करायचं तर घट्ट गोड अर्क करूनच.

दुसरी वाट फ्रान्समध्ये सुरू झाली. सैन्याचं अन्न टिकवण्याची युक्ती सांगणाऱ्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस तिथल्या सरकारने १७९५ मध्ये जाहीर केलं. निकोला आपेर हा मिठाई बनवणारा कारागीर. त्याने काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्यांत अन्न भरलं, बूच ठोकून लाखेने तोंड बंद केलं आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. १८१० मध्ये त्याला बक्षीस मिळालं आणि त्याने आपली पद्धत छापून सर्वांना खुली केली. हे का टिकतं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ते १८६० च्या दशकात लुई पाश्चरने दिलं. आंबणं हे सूक्ष्म जीवांचं काम आहे आणि बेताच्या उष्णतेने ते जीव मरतात, हे कळल्यावर पातळ रसाचा मार्ग मोकळा झाला. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत टॉमस वेल्च याने चर्चमधल्या विधीसाठी न आंबलेला द्राक्षरस हवा म्हणून तो बाटलीत तापवून टिकवला. स्वित्झर्लंडमध्ये हेर्मान म्युलर-थुर्गाव याने १८९० च्या दशकात मद्याचा अंश नसलेले फळांचे रस करण्याची रीत शास्त्रशुद्ध मांडली. जर्मनीत १९०० मध्ये वेक कंपनी निघाली आणि काचेचं झाकण, रबराची चकती अशी हवाबंद बरणी घरोघरी पोचवू लागली. दादऱ्याची आणि या बरणीची तुलना केली तर दोन खाद्यसंस्कृतींतला फरक तिथेच कळतो. एक रोज उघडायची, दुसरी उघडली की संपवायची.

रस काढायचा कसा, हा प्रश्न तरीही उरला होता. उत्तर युरोपातल्या घरांत जुनी पद्धत अशी होती : मोठ्या पातेल्यात थोडं पाणी, त्यात उंचावर एक वाडगा, वाडग्यावर सैल बांधलेलं फडकं, फडक्यात फळं, वर झाकण. पाणी उकळलं की वाफेने फळं मऊ पडत आणि रस फडक्यातून वाडग्यात ठिबके. पुढे हीच मांडणी धातूच्या तीन थरांत आली. जर्मन लोक तिला डाम्फएंटझाफ्टर म्हणतात, फिनलंडमध्ये ती मेहु-माइया, तर रशियन घरांत सोकोवार्का. फिनलंडच्या जंगलात उन्हाळ्याचे थोडे आठवडे रानबेरी पिकतात आणि मग लांबलचक हिवाळा. आपल्या घाटमाथ्याशी त्यांचं हवामान कुठेच जुळत नाही, पण रानफळांची घाई अगदी सारखी आहे.

भांड्याची रचना मोदकपात्र पाहिलेल्या माणसाला लगेच कळते. खाली पाणी, सगळ्यात वर जाळीची टोपली, वर झाकण. वेगळेपण मधल्या भांड्यात आहे. त्याच्या मध्यातून उलट्या नरसाळ्यासारखी नळी वर जाते. वाफ त्या नळीतून टोपलीत शिरते, आणि फळांतून सुटलेला रस नळीच्या भोवतीच्या खोलगट भागात साचतो. तिथून रबरी नळी बाहेर काढलेली असते, तिला चिमटा. चिमटा सोडला की गरम रस थेट बाटलीत. याला अनेकजण अर्क काढण्याचा प्रकार समजतात, तसं ते नाही. गुलाबपाण्याच्या भट्टीत वाफ हाच माल असतो. इथे वाफ फक्त उष्णता पोचवते. साधारण ६०-७० अंशांच्या पुढे पेशींची आवरणं रस धरून ठेवू शकत नाहीत, म्हणून पिळल्याशिवाय तो गळतो. वाफेचं थोडं पाणी त्यात मिसळतं, हे खरं. पण साल आणि बी टोपलीतच राहतात आणि रस नितळ उतरतो.

ही वाट आपल्याकडे का रखडली? प्रक्रिया उद्योग आला, त्याला दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी मागणीने जोर दिला. म्हैसूरला १९५० मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था उभी राहिली, १९५५ मध्ये फळ उत्पादनांचा आदेश निघाला. त्या पिढीतल्या गृहविज्ञानाच्या वर्गांनी आणि महिला मंडळांच्या शिबिरांनी स्क्वॅश शिकवला : रस, साखरेचा पाक, सायट्रिक ॲसिड आणि चिमूटभर परिरक्षक. लिंबू-संत्र्याला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, जांभूळ-द्राक्षासारख्या रंगीत रसांना सोडियम बेंझोएट, कारण सल्फाइटने त्यांचा रंग उडतो. ते शिक्षण मोलाचं होतं, त्यावर कित्येक घरांचे संसार चालले. पण त्यात टिकवण्याचं काम पावडरीने केलं आणि उष्णता मागे पडली. याला कारण होतं. घट्ट बसणारं झाकण घरगुती वापराला सहज मिळत नव्हतं. कराडजवळच्या ओगलेवाडीचा काचकारखाना १९१६ पासून होता, त्याचे प्रभाकर कंदील खेडोपाडी पोचले. पण घरात तापवून बंद करायच्या बाटल्यांची सवय काही लागली नाही. मेणाने बूच बंद करणं एवढाच उपाय. भांडीही नडत. ॲल्युमिनियमला आंबट रस खातो, पितळेला कल्हई लागते. स्टेनलेस स्टील स्वयंपाकघरात सरसकट आलं ते बऱ्याच उशिरा.

आज स्टील आहे, पिळाच्या झाकणांच्या बाटल्या आहेत, म्हणून वाट मोकळी झाली आहे. जांभूळ, करवंद, तासगाव-मिरजेकडची काळी द्राक्षं, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, तुती, आवळा, पेरू ही सगळी या भांड्याला मानवतात. मऊ फळांना पाऊण ते एक तास, पेरूसारख्या घट्ट फळांना दीड तासापर्यंत. हापूस यात घालू नये. त्याचा गर हाच त्याचा रस, वाफेने खाली उतरतं ते फिकं पाणी. लिंबूवर्गीय फळं कडवट होतात. एखाद्या किलोसाठी तासभर गॅस जाळणंही परवडत नाही. टोपली भरेल इतकी फळं एकदम आली तरच याचा उपयोग. क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं, तेही मान्य करायला हवं.

पहिला उतरलेला रस गोड आणि शेवटचा पाणचट असतो, म्हणून सुरुवातीचा लिटरभर पुन्हा फळांवर ओततात, सगळा एकसारखा होतो. खालचं पाणी आटू द्यायचं नाही. बाटल्या गरम हव्यात, रस काठोकाठ, झाकण लावून बाटली काही मिनिटं आडवी. जास्त दिवस ठेवायचं तर भरलेल्या बाटल्या पुन्हा उकळत्या पाण्यात ठेवणं चांगलं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हा बाटल्या किती वेळ उकळायच्या हे सांगणाऱ्या परदेशी तक्त्यापेक्षा काही मिनिटं जास्तच द्यावीत.

साखर वगळून रस ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये. पाकात साखर राखण करत होती, ती काढली की राखण आंबटपणाकडे जाते. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. तो ४.६ च्या खाली असेल तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढत नाही. करवंद, कोकम, आवळा त्या बाजूला सुरक्षित आहेत. पपई, कलिंगड, चिकू तसे नाहीत. त्यांचा रस काढलाच तर तो त्याच दिवशी प्यावा, बाटलीत भरून कपाटात ठेवू नये.