सातपूरच्या वर्गातलं शून्य

नाशिकमधल्या सातपूरच्या एका शाळेत सातवीचा गणिताचा तास मी मागच्या बाकावर बसून पाहिला. बाईंनी कापरेकरांचा खेळ दिला होता. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करायची. येईल त्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ इथे देवळालीतच शाळेत शिकवत होते, म्हणून नाशिककरांना हा आकडा घरचा वाटतो.

"बाई, माझं शून्य आलं!"

तिसऱ्या बाकावरच्या मुलीने २१११ घेतली होती. २१११ − १११२ = ९९९. आता कसेही मांडा, ९९९ मधून ९९९ गेले की शून्यच. बाकांमधून फिरता फिरता बाईंनी तिची वही आधीच पाहिली होती, पण चूक म्हटलं नव्हतं. तिला फळ्याकडे पाठवलं आणि वर्गाला विचारलं, "हिचं शून्य का आलं?" एक मुलगा म्हणाला, ०९९९ लिहायला हवं. दुसरा उसळला, "पुढच्या शून्याला किंमत नसते, तुम्हीच सांगितलंत!" दहा मिनिटं वाद चालला. शेवटी सगळ्यांनी मिळून ०९९९ वरून पुढे करून पाहिलं: ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४.

बाईंच्या त्या फिरण्याला आपल्याकडे नाव नाही. फार तर 'वह्या बघणं' म्हणतो. जपानी शिक्षक त्याला किकान-शिदो म्हणतात: बाकांमधून फिरत शिकवणं. कोणी कसं सोडवलंय हे पाहत फिरायचं आणि फळ्यावर आधी कोणाला, नंतर कोणाला बोलवायचं ते मनात ठरवायचं. मग सगळ्यांच्या रीती समोर ठेवून जी चर्चा होते ती नेरिआगे. कणीक मळून एकजीव करावी, तसा त्या शब्दाचा भाव आहे.

मेलबर्न विद्यापीठातले डेव्हिड क्लार्क आणि अनेक देशांतले त्यांचे सहकारी याच शब्दांमागे लागले. संशोधन बहुतेक इंग्रजीतून होतं, आणि ज्याला इंग्रजीत शब्द नाही ते वर्गात घडूनही नोंदीत येत नाही. म्हणून निरनिराळ्या देशांतले संशोधक आणि शिक्षक एकत्र बसले, वर्गांच्या चित्रफिती पाहिल्या आणि जे दिसलं त्याला आपापल्या भाषेतली नावं दिली. हे काम मराठीत व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. ताळा, उजळणी, हातचा, तोंडी हिशेब हे आपले शब्द पिढ्यान्‌पिढ्या वर्गात वापरून घोटले गेलेत. आपल्या शिक्षकांना विचारलं तर आणखी किती निघतील!

वर्गात असं काय घडतं, हे नुसत्या परीक्षेच्या गुणांतून दिसत नाही. टिम्स ही देशोदेशींच्या मुलांचं गणित-विज्ञान तपासणारी आंतरराष्ट्रीय पाहणी; तिच्या १९९९ च्या व्हिडिओ अभ्यासात सात देशांतले आठवीचे ६३८ तास तपासले गेले. अमेरिकी शिक्षकांनी दिलेल्या गणितांपैकी सुमारे १७ टक्के गणितं संकल्पनांचे धागे जुळवायला लावणारी होती. वर्गात सोडवताना मात्र ती जवळजवळ सगळी कृती किंवा उत्तर सांगून उरकली गेली. गणित तेच राहिलं, पण विचार करण्याचं काम मुलांच्या हातून निसटलं. सातपूरच्या बाईंनी "पुढे शून्य लिही" एवढं सांगितलं असतं, तर इथेही तेच झालं असतं.

क्लार्क यांनीच आधी केलेल्या एका प्रकल्पात प्रत्येक वर्गाचे सलग किमान दहा तास तीन कॅमेऱ्यांनी टिपले होते: एक शिक्षकावर, एक मुलांवर, एक सगळ्या वर्गावर. नंतर मुलांना तीच चित्रफीत दाखवून विचारायचं, तुला इथे काय महत्त्वाचं वाटलं? माझ्याकडे कॅमेरा नव्हता. मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला फक्त विचारलं, शून्य आल्यावर तुझ्या मनात काय आलं?

"मला वाटलं, कापरेकर सर चुकले," ती म्हणाली. "म्हणून ओरडले."