कुत्र्याला जायफळ नको

दिवाळी जवळ आली की ठाण्यातल्या सोसायट्यांत एक सल्ला हमखास मिळतो: फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला दुधात जायफळ उगाळून द्या, बाळासारखा झोपेल. कृपया देऊ नका. जायफळातलं मायरिस्टिसिन कुत्र्यांना बाधतं. जास्त पोटात गेलं तर छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, तोल जातो, झटकेही येऊ शकतात. ती गुंगी म्हणजे शांतता नव्हे. आणि सहाणेवरच्या वेढ्यांवरून मात्रा ठरवणार कशी?

खिडक्या लावा, पंखा-टीव्ही चालू ठेवा, फिरवणं अंधाराआधी उरका. पलंगाखाली शिरला तर ओढून काढू नका. कुशीत आला तर खुशाल थोपटा, त्याने भीती वाढत नाही. फारच थरथरत असेल तर पशुवैद्यांकडे दिवाळीआधीच जा. गॅबापेंटिन, ट्रॅझोडोनसारखी औषधं ते वजन आणि तब्येत बघून देतात.