मुलाचा ‘ताबा’: इंग्लंडमधल्या कौटुंबिक वकिलीची पार्श्वभूमी

घटस्फोटाची बातमी देताना आपण सहज लिहून जातो, ‘मुलाचा ताबा आईकडे’. ताबा खरं तर जमिनीचा असतो, घराचा असतो. इंग्लंडमध्ये आईवडिलांच्या वादातला हा शब्द 1989 च्या कायद्याने बाजूला सारला. तिथे केवळ कुटुंब आणि मुलांचे खटले चालवणाऱ्या बॅरिस्टरचं आजचं काम कळायचं, तर त्यामागची गोष्ट माहीत हवी.

1836 साली लेखिका कॅरोलाइन नॉर्टन हिची तिन्ही मुलं नवऱ्याने तिच्यापासून नेली. वर पंतप्रधान मेलबर्न यांच्याशी तिचे संबंध असल्याचा दावा लावला. ज्युरीने तो फेटाळला, पण मुलं काही परत मिळाली नाहीत. औरस मुलांवर हक्क बापाचा, असाच कायदा होता. तिने पत्रकं लिहून रान उठवलं आणि टॅलफर्ड या वकील-खासदाराच्या विधेयकातून 1839 चा कायदा झाला. सात वर्षांखालची मुलं आईकडे राहू शकतील अशी वाट त्याने उघडली, तीही तिच्यावर व्यभिचार सिद्ध झाला नसेल तरच! तिची मुलं मात्र स्कॉटलंडमध्ये होती आणि तिथे हा कायदा लागू नव्हता. धाकटा विल्यम 1842 मध्ये घोड्यावरून पडून गेला. आई पोहोचली तेव्हा उशीर झाला होता. मुलांच्या आजच्या कायद्याची सुरुवात या बाईच्या हट्टातून झाली, असं मला वाटतं.

1857 पर्यंत वैवाहिक तंटे चर्चच्या न्यायालयांत चालत. पुढे मृत्युपत्रं, घटस्फोट आणि जहाजांचे दावे एकाच विभागात कोंबले गेले. ही मोट सुटून स्वतंत्र कौटुंबिक विभाग उभा राहायला 1971 उजाडलं. चर्चच्या त्याच परंपरेतला ‘नांदायला येण्याचा’ दावा मुंबईत, नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंवर लागला. असा आदेश न पाळल्याबद्दलची कैद इंग्लंडने 1884 मध्ये रद्द केली होती, तरी 1887 मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने त्यांच्यापुढे नांदणं किंवा तुरुंग हेच दोन पर्याय ठेवले.

मुलाचं हित सर्वांत वर, हे तत्त्व इंग्लंडच्या कायद्यात 1925 साली आलं. पण मुलाचं म्हणणं कोण ऐकणार, हा प्रश्न होताच. 1987 मध्ये क्लीव्हलंड परगण्यात लैंगिक अत्याचाराच्या संशयावरून काही महिन्यांत शंभराहून जास्त मुलांना घरातून हलवलं. त्यातली बरीचशी पुढे घरी परतली. चौकशी करणाऱ्या न्यायाधीश एलिझाबेथ बटलर-स्लॉस मूळच्या बॅरिस्टर. मूल ही व्यक्ती आहे, काळजीची वस्तू नव्हे, असं त्यांच्या अहवालाने बजावलं. पाठोपाठ 1989 चा ‘चिल्ड्रन ॲक्ट’ आला. ‘ताबा’ जाऊन मूल कुठे राहील, कुणाला भेटेल याचे आदेश आले.

म्हणून आज सरकारी यंत्रणा मूल काढून घेऊ पाहते, तेव्हा कोर्टात यंत्रणेचा वकील असतो, आईबापांचे असतात आणि मुलाचाही स्वतंत्र असतो. असा खटला 26 आठवड्यांत संपवायचा, असा दंडक आहे. आईबापांच्या आपसातल्या भांडणांत मात्र 2013 पासून सरकारी खर्चाने वकील मिळणं बहुतेकांना बंद झालं. मग एका बाजूला बॅरिस्टर आणि समोर हातात कागद धरलेली एकटी आई किंवा बाप, असं चित्र दिसू लागलं. मारहाण करणाराच बायकोची उलटतपासणी घेऊ लागला. ते थांबवणारी तरतूद 2021 च्या कायद्याने झाली. आता अशा वेळी ते प्रश्न विचारण्यासाठी कोर्ट स्वतः वकील नेमू शकतं.