वार (अपरा, प्लासेंटा)

वार (स्त्रीलिंगी, ती वार). बाळ पोटात असताना त्याला आईच्या रक्तातून अन्न आणि ऑक्सिजन मिळवून देणारा, त्याच्या अंगातली घाण आईच्या रक्तात सोडणारा आणि गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला धरून वाढणारा तात्पुरता अवयव. बाळ जन्मल्यावर थोड्या वेळात हा सुटून बाहेर पडतो, म्हणून ‘वार पडली’ असंच म्हणतात, ‘वार झाली’ कुणी म्हणत नाही. नाशिकच्या सिव्हिलपासून सुरगाण्या-पेठच्या उपकेंद्रापर्यंत सगळीकडे वार हाच शब्द चालतो, सोनोग्राफीच्या रिपोर्टमुळे शहरात प्लासेंटा आता घरोघरी झालाय आणि पंचवटीत गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयाकडे गेलात तर अपरा ऐकू येईल.

आधी एक घोळ मिटवायला हवा. वार आणि नाळ एक नव्हे. नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीपासून वारेपर्यंत जाणारी दोरी, साधारण ५० ते ६० सेंटीमीटर लांब, आत दोन रोहिण्या आणि एक नीला, भोवती जेलीसारखा बुळबुळीत थर. आपण ‘या गावात माझी नाळ पुरलीय’ म्हणतो तेव्हा खड्ड्यात खरं तर वार गेलेली असते, नाळेचा तुकडा तिला लोंबत गेलेला असतो एवढंच, आणि बेंबीला उरलेला देठ पुढं आठ-दहा दिवसांत वाळून वेगळा गळतो. भाषेनं नाळ उचलली, नाळ जुळते, नाळ तुटते, सगळे वाक्प्रचार नाळेला आणि वारेच्या वाट्याला एकही नाही, आणि बाळंतिणीच्या जिवाचं म्हणाल तर बाळ झाल्यानंतरच्या पहिल्या तासात सगळा हिशोब वारेपाशी असतो.

शब्द कुठून आला

यावर एकमत नाही. मराठीत वार तीन-चार आहेत, सोमवारचा वार, तलवारीचा वार, कापड मोजायचा वार, हे सगळे पुल्लिंगी. आपली वार तेवढी स्त्रीलिंगी. संस्कृत वैद्यकात या अवयवाला अपरा म्हणतात, म्हणजे नंतरची, मागून येणारी, आणि अमरा असाही पाठ काही ठिकाणी सापडतो. अपरा वरून वार काढायची तर ‘प’चा ‘व’ होणं अगदी नेहमीचं आहे, दीप वरून दिवा, ताप वरून ताव. सुरुवातीचा ‘अ’ गळणंही नवं नाही, अरण्याचं रान झालंच ना. शेवटचा ‘आ’ गळून स्त्रीलिंग टिकणं हे तर जिह्वा-जीभ, माला-माळ यांत रोजच दिसतं. अडचण एकच, मधला ‘व’ दीर्घ का झाला. ‘अरण्य’मध्ये जोडाक्षर होतं, ते मोडलं म्हणून स्वर लांबला. अपरामध्ये जोडाक्षर नाही, तेव्हा ‘वर’ व्हायला हवं होतं. म्हणून दुसरा पर्याय येतो तो ‘वृ’ धातूचा, झाकणं, वेढणं, आवरण ज्यातून आलं तोच, त्यात ‘वार’चा आकार आयता मिळतो पण स्त्रीलिंग का याचं उत्तर मिळत नाही, आणि झाकणं-वेढणं हे काम वारेपेक्षा बाळाभोवती असलेल्या आणि तिला चिकटून येणाऱ्या पडद्यांचं जास्त आहे.

इथं शेजारची गुजराती उपयोगी पडते. गुजरातीत वारेला ‘ओर’ म्हणतात, आणि ‘अव’चा ‘ओ’ होणं सरळ आहे, म्हणजे अपरा, अवरा, ओर अशी साखळी विनासायास लागते. सुरगाणा-पेठच्या डोंगराला लागून पलीकडे डांग आहे, तेव्हा दोन्हीकडचे शब्द एकाच मुळातले असणं जास्त संभवतं. प्रस्तुत नोंदीचा कल म्हणून अपराकडे, दीर्घाची शंका शिल्लक ठेवून.

‘जार’ हा वेगळा शब्द, तो जरायुपासून. जरायु म्हणजे मूळचं गर्भाभोवतीचं पटल, ज्यावरून पिल्लं घालणाऱ्या प्राण्यांना जरायुज म्हणतात. मराठीत जार हा बहुतेक गाई-म्हशींच्या बाबतीत ऐकू येतो, पण वार आणि जार अदलाबदलीनंही वापरतात. जुन्या ग्रंथांतही जरायु कधी पडद्यांना आणि कधी सगळ्याच बाहेर पडणाऱ्या ऐवजाला लावलेला दिसतो. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातलं अकरावं सूक्त सुखप्रसूतीचं आहे (काळ साधारण इ.स.पू. १०००च्या आसपास धरतात, मागेपुढे ओढणारेही आहेत), त्यात ‘अव जरायु पद्यताम्’ हे पालुपद येतं, जरायु खाली पडो. आणि त्याच ओळीत ती कुत्र्याला खायला पडो असंही म्हटलंय! आपल्याकडे पुरलेल्या वारेवर दगड ठेवत तो कुत्र्यानं उकरू नये म्हणून. तीन हजार वर्षांत कुत्रा तोच, भूमिका उलटी.

प्लासेंटा हा लॅटिन शब्द, अर्थ चपटी गोल केक. तो या अवयवाला लावला इटलीतल्या रेआल्दो कोलोंबो या शरीररचनातज्ज्ञानं, त्याच्या १५५९ साली निघालेल्या ग्रंथात. आपल्याकडे कुणी नाव ठेवलं असतं तर थालीपीठ ठेवलं असतं, आकार आणि जाडी दोन्ही तिकडंच जातात.

रचना आणि काम

पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलो भरते, म्हणजे बाळाच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याएवढी, व्यास १५ ते २२ सेंटीमीटर, मध्ये जाडी दोन-अडीच सेंटीमीटर. बाळाकडची बाजू गुळगुळीत, चकचकीत, निळसर करडी, मधून नाळ निघालेली आणि तिच्या शिरा झाडाच्या मुळ्यांसारख्या पसरलेल्या. आईकडची बाजू गडद लाल, खरबरीत, १५-२० फाकांची. या फाका पुढं महत्त्वाच्या आहेत.

गर्भ रुजायला सुरुवात होते ती फलनानंतर सहाव्या ते दहाव्या दिवसात, तेव्हाच त्याच्या बाहेरच्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात घुसतात, त्यांना बोटांसारखे असंख्य अंकुर फुटतात आणि आईच्या रोहिण्या या अंकुरांभोवतीच्या पोकळीत उघडतात. आईचं रक्त अंकुरांना बाहेरून धुतं, बाळाचं रक्त अंकुरांच्या आतून फिरतं, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. ‘आईचं रक्त बाळाच्या अंगात जातं’ हे म्हणायला ठीक, पण शब्दशः खरं नाही, नाहीतर आई-बाळाचे रक्तगट वेगळे कसे राहिले असते. ही गोष्ट पक्की व्हायला अठरावं शतक उजाडलं आणि तिच्यापायी लंडनमधले विल्यम आणि जॉन हंटर हे शरीररचना अभ्यासणारे सख्खे भाऊ एकमेकांना दुरावले. विल्यमनं १७७४ मध्ये गर्भाशयाच्या मोठ्या चित्रांचा ग्रंथ काढला आणि १७८० मध्ये जॉननं वारेचा शोध मुळात माझा म्हणून रॉयल सोसायटीपुढं दावा लावला. दोघांत कुणाचा वाटा किती यावर अजून वाद आहे.

शेवटच्या महिन्यांत वारेतून दर मिनिटाला आईचं ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहतं. हा आकडा लक्षात ठेवला की पुढचं सगळं समजतं. याशिवाय वार हार्मोन बनवते, लघवीच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात त्या तिच्याच पेशींच्या हार्मोनमुळे, आणि सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास बीजकोशाकडचं, गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन हार्मोनचं काम ती आपल्याकडे घेते. आईची काही संरक्षक द्रव्यं ती बाळाला देते. दारू, निकोटीन, बरीचशी औषधंही अडवत नाही.

वार गर्भाशयात कुठंही चिकटू शकते. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘वार खाली आहे’ निघालं की घरात घबराट होते, पण गर्भाशयाचा खालचा भाग पुढं ताणला जातो तशी बहुतेकींची वार वर सरकलेली दिसते. शेवटपर्यंत गर्भाशयाच्या तोंडावरच राहिली तर मात्र सिझेरियन लागतं. आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर वार बसली तर ती खोल रुतून सुटतच नाही असंही होतं, आणि सिझेरियन वाढली तशी ही भानगडही वाढलीय. रिपोर्टात वार पुढच्या भिंतीला की मागच्या यावरून मुलगा-मुलगी ओळखणारे मावशी-काकू प्रत्येक घरात एक असतातच. त्यात काही तथ्य नाही.

वार पडणे

बाळंतपणाचा हा तिसरा टप्पा. बाळ बाहेर आलं की गर्भाशय एकदम आकसतं, वार आकसत नाही, त्यामुळे ती भिंतीवरून सुटते. खुणा ठरलेल्या आहेत: पोट चाचपलं तर गर्भाशय गोल, कडक लागतं, रक्ताचा एक लोट येतो, बाहेरची नाळ आपोआप लांबते. बहुतेक वेळा चकचकीत बाजू आधी बाहेर येते, थोड्यांत खरबरीत. वार सुटली तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या बंद करायला टाका कुणी घालत नाही. गर्भाशयाच्या स्नायूंचे धागे आडवेतिडवे विणलेले असतात, ते आवळले की मधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमटतात. तो आवळ आला नाही, किंवा वारेचा तुकडा आत राहून आवळ येऊ दिला नाही, तर मिनिटाला पाऊणएक लिटरपर्यंतची ती धार सुरूच राहते. जगभर बाळंतिणी दगावण्याचं सगळ्यात मोठं कारण हा रक्तस्रावच आहे.

म्हणून हल्ली बाळ झाल्यावर मिनिटभरात मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसायला लावणारं इंजेक्शन) देतात, नाळ एक ते तीन मिनिटं थांबून चिमटतात, मग एका हातानं ओटीपोटापाशी गर्भाशय वर धरून दुसऱ्या हातानं नाळ हळू ओढतात. ऑक्सिटोसिन २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, डोंगरातल्या उपकेंद्रात लाईट गेली की हा प्रश्न येतो, तिथं त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या कामाला येतात कारण त्यांना फ्रीज लागत नाही. अर्ध्या तासात वार आली नाही तर ती अडकली असं धरतात आणि भूल देऊन हातानं काढावी लागते, त्याची सोय नसेल तर १०८ बोलवून पुढं पाठवायचं. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे, दिवस भरत आलेली बाई आधीच येऊन राहते, ती याच वेळच्या धावपळीसाठी.

वार पडल्यावर सिस्टर ती ट्रेमध्ये घेऊन, दोन्ही तळव्यांवर पसरून, आईकडची बाजू वर करून फाका जुळवून बघते, मध्ये भोक दिसलं की तेवढा तुकडा आत राहिला. मग पडदे उचलून छत्रीसारखे धरायचे, फाटके आहेत का बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे, यंत्र लागत नाही, आणि रात्री तीनला बाळाच्या गडबडीत नेमकं हेच राहून जातं. आमच्या नात्यातल्या एकीचं असंच राहिलं होतं, नवव्या दिवशी ताप आणि रक्त सुरू झाल्यावर कळलं.

सुईणीची रीत

चरक आणि सुश्रुत दोघांनीही अडकलेल्या अपरेवर उपाय दिलेत (ग्रंथांचे थर अनेक, म्हणून नेमकं शतक सांगण्यात अर्थ नाही): केस गुंडाळलेल्या बोटानं किंवा वेणीनं घसा-टाळूला स्पर्श करायचा, सापाच्या कातीची धुरी द्यायची, चरकात टाचेनं कंबरेखाली दाबणंही आहे. गंमत म्हणजे तोंडात वेणी घालून उबळ आणवायची रीत सुईणींकडे अलीकडेपर्यंत होती. ग्रंथातून सुईणीकडे आली की सुईणीकडून ग्रंथात गेली हे ठरवणं अवघड, दुसरं जास्त पटतं. उबळीनं पोटातला दाब वाढतो, सुटलेली वार त्यानं बाहेर येईल, न सुटलेली येणार नाही.

वार पडेपर्यंत नाळ न कापणं ही सुईणींची दुसरी रीत. त्यात बाळाला वारेतलं रक्त जास्त मिळतं, आणि डॉक्टरी शास्त्रही नाळ लगेच चिमटू नका यावर आता आलंय. मूल रडलं नाही तर नाळ तशीच ठेवून वार शेकायची असंही करत, त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास देणं गरजेचं असतं.

पुरणे

सिन्नर-निफाडकडे घरच्या बाळंतपणात वार न्हाणीजवळ नाहीतर परसात पुरत. आमच्या जुन्या घरी न्हाणीच्या मागं ती जागा होती, हातभर खड्डा, वार मडक्यात, हळद-कुंकू, माती, वर वापरात नसलेला फुटका पाटा. बाळ-बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी त्याच बाजूला वाहायचं. आजी त्या पाट्यावर कुणाला बसू द्यायची नाही, कारण विचारलं की ‘तुझी आत्या आहे तिथं’ एवढंच. दवाखान्यात बाळंतपणं गेल्यावर ही रीत जवळजवळ संपली. २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार वार पिवळ्या पिशवीत जाते आणि जाळली जाते, दुर्गम ठिकाणी खोल पुरायची मुभा आहे. तरी वार मागून नेणारी एखादी सासू असतेच.

जनावरांत

गाई-म्हशींची वार वेगळ्या घडणीची, गर्भाशयाला बटणांसारखी जागोजाग जोडलेली, त्यामुळे अडकण्याचं प्रमाण माणसापेक्षा बरंच जास्त. १२ तासांत पडली नाही तर अडकली समजतात. बांबूचा पाला खाऊ घालतात. लोंबत्या वारेला वीट किंवा जुनी चप्पल बांधायची सवय मात्र वाईट, वार तुटते आणि उरलेली आत कुजते.